महागडा हेडफोन घेतला, तरी डग्गा घुमत नाही? आधी फट शोधा

ग्वाल्हेर : लाख-दीड लाखाचा क्लोज्ड-बॅक हेडफोन घ्यायचा, हौसेने तबल्याची रेकॉर्ड लावायची, आणि ऐकू काय येतं? चाट खणखणीत, पण डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा. मग सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो शंभर तास वाजू द्या, आपोआप मोकळा होईल. दुसरा सांगतो वेगळा अँप्लिफायर घ्या. तिसरा म्हणतो हजाराची केबल टाकून दहा हजारांची घ्या. खर्च वाढत जातो आणि खर्ज जिथल्या तिथं राहतो. बहुतेक वेळा कारण फार साधं असतं. हेडफोनची गादी आणि कानामागची त्वचा यांच्यामध्ये चष्म्याच्या काडीएवढी फट राहिलेली असते आणि सगळा बेस तिथून निघून जातो.

या विषयासाठी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला पाटणकर बाजार हे चांगलं उदाहरण आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीने १८१० मध्ये इथं मुक्काम केला, त्या लष्कराचंच पुढे शहर झालं, आणि मराठी वस्तीची ती खूण बाजाराच्या नावात आजही टिकून आहे. सांगली-मिरज-बेळगाव पट्ट्यातल्या वाचकाला हे गाव तसं परकं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी वासुदेवबुवा जोशींकडून ग्वाल्हेरची गायकी घेतली आणि ती आपल्या भागात आणली. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच मिरजेत शिकले. कृष्णराव शंकर पंडितांनी (१८९३-१९८९) ग्वाल्हेरात राहूनच गायकी सांभाळली. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला किल्ल्यावर १,२०० हून अधिक तबलजींनी एकत्र वादन करून जागतिक विक्रम नोंदवला.

सांगायचा मुद्दा असा की अशा गावात हेडफोनकडून मागणी वेगळी असते. डीजेची धडधड इथं कुणाला हेडफोनमध्ये नको असते, ती लग्नसराईत रस्त्यावर फुकट मिळते. हवा असतो डग्ग्याचा घुमारा, पखवाजाच्या धाम्याची थाप, तंबोऱ्याचा खर्ज. दुसरीकडे बाजार असा की खाली दुकानं, गाड्यांचे हॉर्न, वीज गेली की जनरेटर. अशा ठिकाणी जाळीदार पाठीचा ओपन-बॅक हेडफोन कितीही सुरेल असला तरी उपयोगाचा नाही. बाहेरचा सगळा बाजार कानात येतो आणि कानातलं गाणं घरभर जातं. म्हणून पाठ बंद असलेला, म्हणजे क्लोज्ड-बॅक, घ्यावा लागतो.

खर्ज म्हणजे नेमका किती खाली?

माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्यातला २५० च्या खालचा भाग ढोबळमानाने बेस, आणि ६० च्या खालचा अगदी तळाचा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला येतो, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला वाजते. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. डग्ग्याचा खुला बोल शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि तळहाताच्या दाबाने तो वर-खाली होतो.

इथं एक गंमत आहे, आणि हेडफोन तपासताना ती माहीत असलेली बरी. तंबोऱ्याच्या तारेत वरचे उपस्वर इतके भरपूर असतात की मूळ खर्ज कानापर्यंत पोचला नाही तरी मेंदू तो स्वतः भरून घेतो. म्हणून मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवरही तंबोरा 'कळतो'. डग्ग्याचं तसं नाही. त्याच्या लांब घुमाऱ्यात उपस्वर कमी, मूळ स्वरच जास्त. तो कापला गेला की मागे नुसती 'टप्प' उरते. त्यामुळे बेस तपासायचा तर तंबोऱ्यावर नाही, डग्ग्यावर तपासावा. घिस्सा घेताना स्वर कुठून निघून कुठे गेला हे ओळखता आलं पाहिजे. नुसतं 'धम्म' ऐकू येत असेल तर तो बेस जास्त असेल, चांगला असेलच असं नाही.

फट कुठे असते?

५० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळपास सात मीटर लांब असते. चार-पाच सेंटिमीटरच्या ड्रायव्हरला एवढी लहर खोलीत उभी करता येणार नाही. सोनीच्या २०१६ सालच्या एमडीआर-झेड१आर या मॉडेलमध्ये ७० मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे, तोही खोलीत ठेवला तर बेसच्या बाबतीत निरुपयोगीच. हेडफोनचं गणित वेगळं आहे. गादी, कप आणि डोकं मिळून एक छोटी बंद खोली तयार होते आणि ड्रायव्हर त्या कोंडलेल्या हवेचा दाब कमी-जास्त करतो. तो दाब म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा बेस. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरलं तर दांडा जड लागतो, बोट जरा सैल केलं की सुळकन जातो. हेडफोनमध्ये हेच घडतं. फट असली की खालच्या स्वरांचा सावकाश बदलणारा दाब निसटायला पुरेसा वेळ मिळतो. वरचे स्वर इतके झपाट्याने बदलतात की त्यांना तेवढी सवड मिळत नाही. म्हणून गळती असतानाही गायकाचा आवाज, सारंगी, झांज सगळं ठीक वाटतं आणि फक्त डग्गा गायब होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हेडफोनलाच बेस नाही.

गळती मोठी असेल तर तळाच्या स्वरांत दहा डेसिबल किंवा त्याहूनही जास्त घट येऊ शकते. दहा डेसिबल म्हणजे कानाला आवाज निम्मा झाल्यासारखं वाटतं. केबल बदलून एवढा फरक कधीच पडत नाही.

फटीचं पहिलं कारण चष्मा. जाड काडी असेल तर गादी काडीच्या वर आणि खाली उचलली जाते. दुसरं कारण केस. वेणी किंवा कानावर आलेले दाट केस, टोपीची कड, कानातल्या मोठ्या कुड्या, सगळ्यांचा परिणाम तोच. तिसरं कारण जबड्याची आणि कानामागची ठेवण. बारीक चेहऱ्याच्या माणसाच्या कानाखाली खोलगट जागा असते, तिथं गादी टेकतच नाही. एकाच घरात एकच हेडफोन वडिलांना 'फुसका' आणि मुलाला 'दणदणीत' वाटतो तो बहुतेक यामुळे. आणि चौथं, जे सर्वांत जास्त दुर्लक्षित असतं, ते म्हणजे जुनी गादी. रेग्झिनला चिरा पडतात, आतला फोम चपटा होतो, आणि हे वर्षा-दोन वर्षांत इतकं हळूहळू घडतं की बेस कधी गेला ते लक्षातच येत नाही.

तपासणी घरच्या घरी दोन मिनिटांत होते. मोबाईलवर ४० हर्ट्झचा एकसलग सूर लावायचा, आवाज बेताचा ठेवायचा. हेडफोन घालून दोन्ही कप तळहातांनी अलगद डोक्याकडे दाबायचे. दाबल्यावर घुमारा एकदम वाढला तर फट आहे. काहीच बदललं नाही तर गादी नीट बसलेली आहे आणि शोध दुसरीकडे घ्यायला हवा. मग चष्मा काढून तोच प्रयोग पुन्हा करायचा. एकाच बाजूने फरक पडत असेल तर त्या बाजूचा पट्टा एक खाच खाली-वर करून बघायचा. अर्ध्या तक्रारी या खाचेपाशीच मिटतात.

उपायही याच क्रमाने. घरात ऐकण्यासाठी बारीक, लवचिक काडीचा चष्मा वापरावा किंवा डोळे मिटून ऐकायचं असेल तर सरळ काढून ठेवावा. गादी जुनी असेल तर बदलावी. इथं मात्र घाई नको. मखमली गादी उन्हाळ्यात बरी वाटते, पण तिच्यातून हवा जाते आणि बेस उतरतो. जाड गादी लावली तर ड्रायव्हर कानापासून लांब जातो आणि सगळाच स्वभाव बदलतो. बाजारात मिळणारी 'फिट होते' एवढ्याच खात्रीची गादी स्वस्त पडते, पण ती लावल्यावर तो हेडफोन तोच राहीलच असं नाही. शक्यतो कंपनीचीच घ्यावी. आणि कपाच्या कडेला दिसणारं बारीक छिद्र म्हणजे गळती समजून चिकटपट्टी लावू नये. ते बऱ्याच हेडफोनमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं, आतल्या हवेचा दाब नेमका राखण्यासाठी.

बाजाराचा गुंजारव

फट नाही, गादी नवी, तरी दुपारी डग्गा कमी वाटतो आणि रात्री अकरानंतर तोच डग्गा भरून येतो. पाटणकर बाजारासारख्या ठिकाणी हे होणारच. क्लोज्ड-बॅक कप बाहेरचा आवाज अडवतो हे खरं, पण सगळा सारखा अडवत नाही. हॉर्न, बोलणं, भांड्यांचा खणखणाट चांगला अडतो. जनरेटरची, ट्रकची, खालच्या मजल्यावरच्या यंत्राची खालच्या पट्टीतली गुरगुर जवळजवळ तशीच आत येते, आणि नेमकी डग्ग्याच्याच जागेवर येऊन बसते. एका जागी दोन आवाज आले की दुबळा झाकला जातो.

कायद्याच्या आकड्यात ही गुरगुर नीट दिसतही नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे, पण हे मोजमाप कानाच्या संवेदनेप्रमाणे वजन देऊन केलेलं असतं. त्या वजनात ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. मीटरवर मर्यादेत असलेल्या गल्लीतही खर्जाला जागा उरलेली नसते ती अशी.

यावर उपाय दोन. एक, ऐकण्याची वेळ बदलणे. दुसरा, नॉइज कॅन्सलिंगचा हेडफोन. हे तंत्र बरोबर याच खालच्या गुरगुरीवर सर्वांत जास्त चालतं. शिवाय त्यातला आतला माइक कपात काय चाललंय ते ऐकत असतो, त्यामुळे थोडी गळती असली तरी बेस बराचसा सांभाळला जातो. शुद्धतावादी मंडळी या हेडफोनला नाकं मुरडतात. पण बाजारावर राहणाऱ्या चष्मेवाल्या रसिकाला पंचवीस-तीस हजारांचा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन दीड लाखाच्या नुसत्या क्लोज्ड-बॅकपेक्षा जास्त डग्गा देऊ शकतो, हा हिशेब कुठल्याही दुकानदाराने स्वतःहून मांडलेला दिसत नाही. एक लक्षात ठेवावं, असे बरेच हेडफोन बॅटरी संपल्यावर नुसत्या वायरवर वेगळेच वाजतात, कारण बेसचं काम आतलं इलेक्ट्रॉनिक्स करत असतं.

अँप्लिफायर हवा का?

कधी कधी. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळतो. २५० ओहमवाला साध्या मोबाईलवर लावला तर आवाजच पुरेसा चढत नाही, आणि हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. हे कानाचं वैशिष्ट्य १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं होतं. जुन्या स्टिरिओवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी. डॅन क्लार्क ऑडिओचा स्टेल्थसारखा प्लॅनर हेडफोन ओहमने कमी असूनही ताकद मात्र भरपूर मागतो. अशांना अँप लागतोच.

उलट चूकही होते. घरातल्या जुन्या स्टिरिओ अँप्लिफायरच्या हेडफोन जॅकमागे मोठा रेझिस्टर असतो. त्यावर कमी ओहमचा साधा डायनॅमिक हेडफोन लावला तर बेस फुगतो पण ढिला पडतो, घुमाऱ्याचा नुसता गोंगाट होतो. अंदाजासाठी नियम असा की हेडफोनचा ओहम अँपच्या आउटपुट ओहमच्या किमान आठपट असावा. हे जुळत असेल आणि आवाज पुरेसा चढत असेल तर आणखी महाग अँप घेऊन बेस वाढणार नाही.

इक्वलायझर लावणे म्हणजे पाप नव्हे

हरमन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या सुमारास बऱ्याच श्रोत्यांना बसवून बेसची आवड मोजायला सुरुवात केली. निष्कर्ष असा निघाला की बहुतेकांना साधारण १०० हर्ट्झच्या खाली काही डेसिबलचा उठाव हवासा वाटतो, कारण खोलीत स्पीकर लावला की भिंतींमुळे तेवढा बेस वाढतोच आणि कानाला तीच सवय असते. काहींना, विशेषतः तरुणांना, याहून जास्त लागतो. वयस्करांना कमी पुरतो. बऱ्याच महागड्या हेडफोनचा तळ यापेक्षा सपाट ठेवलेला असतो. तो दोष नाही, बनवणाऱ्याची निवड आहे. ती आपली नसेल तर बदलावी.

पद्धत सोपी आहे. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ अशी साधनं आहेत. 'लो शेल्फ' हा प्रकार निवडायचा, जागा १०० हर्ट्झच्या आसपास, उठाव आधी ३ डेसिबल, फार तर ६. जितका उठाव दिला तितकीच एकूण पातळी, म्हणजे प्रीअँप, खाली आणायची. हे विसरलं की मोठ्या थापेला आवाज फाटतो आणि दोष हेडफोनवर जातो. आणि बटणांचे खांब असलेल्या इक्वलायझरवर १२५ किंवा २५० चा खांब वर ढकलायचा मोह टाळावा. तिथं बेस वाढत नाही, गायकाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा होतो. फट बुजवण्याआधी इक्वलायझर लावणं हेही तसंच, भोक असलेल्या घागरीत जास्त पाणी ओतण्यासारखं. ड्रायव्हर जोरजोरात हलतो आणि पदरात काही पडत नाही.

रेकॉर्डच तशी असेल तर? १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण कर्ण्यापुढे बसून व्हायचं. त्या तबकड्यांत खर्ज गेलेलाच नाही, तो कुठल्याही हेडफोनमधून येणार नाही. ग्वाल्हेर गायकीच्या जुन्या तबकड्या गायकीसाठी ऐकाव्यात, डग्ग्यासाठी नव्हे. बेस तपासायला अलीकडची तबला सोलोची मुद्रणं घ्यावीत, किंवा झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा. मंद्र सप्तकात ती इतकी खाली उतरते की फट असलेला हेडफोन पहिल्या मिनिटात उघडा पडतो. मोठ्या वाद्यमेळासाठी 'सैराट'ची (२०१६) गाणी चालतील.

खरेदीला जाताना दुकान उघडल्या-उघडल्या जावं, तेव्हा रस्ता शांत असतो. रोजचा चष्मा घालून जावं. स्वतःच्या मोबाईलमधली, पाठ असलेली दोन-तीन मुद्रणं न्यावीत. दुकानदाराची 'डेमो' गाणी कुठल्याही हेडफोनवर छानच वाजतात. तळहाताचा प्रयोग तिथंच करावा, लाजायचं कारण नाही. शंभर तासांत 'मोकळा होतो' म्हणतात त्यात फरक पडलाच तर तो मुख्यतः गादी डोक्याच्या आकाराला बसल्याने आणि कान सरावल्याने. छातीवर आदळणारा बेस मात्र कुठलाही हेडफोन देणार नाही. हलगीबरोबर वाजणारं घुमकं समोर उभं राहून ऐकताना जे पोटात जाणवतं ते अंगाला लागतं, आणि हेडफोन फक्त कानाला लागतो.

या सगळ्यात पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. डग्गा येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो. फटीतून गेलेला बेस परत येत नाही, वरचे स्वर मात्र तेवढेच चढतात आणि तेच कानाला इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, ९० डेसिबलला जेमतेम चार तास उरतात. मुलांसाठी मर्यादा ७५ ची. बाजाराच्या गोंगाटावर मात करायला रोज दोन तास ९० वर ऐकणाऱ्याचा आठवड्याचा कोटा मंगळवारी संध्याकाळीच संपतो. गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही.

गाद्यांची निगा शेवटी राहते. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, घाम आणि केसांचं तेल रेग्झिनला लवकर खातं. ऐकून झालं की कोरड्या मऊ फडक्याने पुसावं, तेल लावलेल्या डोक्यावर हेडफोन घालू नये, आणि तो दाबून न ठेवता मोकळा टांगावा. हेडफोन घेतानाच गाद्यांचा एक जादा जोड घेऊन ठेवलेला बरा. मॉडेल बंद झालं की चार वर्षांनी तोच जोड शोधावा लागतो.